पूल बांधणारा कर्नल आणि खोटा कमांडर



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. हा गृहस्थ एका इंग्रजी युद्धपटातल्या पात्रांची चिकित्सा करायला कसा उभा राहिला? माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. त्यापुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटावर झाले. मी चित्रपटसमीक्षक नव्हे. कॅमेरा कोठे ठेवला आणि उजेड कोठून पाडला, हे मला विचारू नका. पण 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा १९५७ सालचा चित्रपट आमच्या कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही अनेकदा दाखवला आहे आणि प्रत्येक वेळी त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडणे झाली आहेत. त्या भांडणांचा हिशोब आज आपल्यापुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि हजारो ब्रिटिश सैनिक जपान्यांच्या हाती लागले. त्यांतली एक पलटण सयामच्या जंगलातल्या छावणीत येते. जपान्यांना सयाममधून ब्रह्मदेशात आगगाडी न्यायची आहे आणि वाटेत क्वाय नदीवर पूल बांधायचा आहे. छावणीचा प्रमुख कर्नल साइतो फर्मावतो की सगळ्यांनी काम करायचे, अधिकाऱ्यांनीसुद्धा. पलटणीचा प्रमुख कर्नल निकल्सन खिशातून जिनिव्हा कराराचे पुस्तक काढतो आणि म्हणतो, अधिकाऱ्यांकडून अंगमेहनत करवून घेता येत नाही. साइतो तेच पुस्तक त्याच्या तोंडावर मारतो आणि त्याला एका पत्र्याच्या खोपटात उन्हात कोंडतो. निकल्सन हटत नाही. शेवटी साइतोच वाकतो. आणि मग हाच निकल्सन शत्रूसाठी असा उत्तम पूल बांधून देतो, की तो जपान्यांना स्वतःला बांधता आला नसता. इकडे ब्रिटिशांची एक तुकडी तोच पूल उडवायला जंगलातून निघते. तिच्यात शिअर्स नावाचा अमेरिकन आहे. तो याच छावणीतून पळालेला असतो.

शेवटच्या प्रसंगात नदीचे पाणी ओसरते आणि सुरुंगाची तार वाळूत उघडी पडते. निकल्सनला ती दिसते. तो साइतोला घेऊन तारेच्या मागोमाग जातो, म्हणजे स्वतःच्याच सैन्याचा डाव शत्रूला दाखवून देतो. झटापट होते, साइतो मरतो, शिअर्सला गोळ्या लागतात. त्याचा चेहरा ओळखल्यावर निकल्सनला आपण काय करून बसलो याचे भान येते. तेवढ्यात जवळ तोफगोळा फुटतो, तो झोकांड्या खात जातो आणि नेमका सुरुंगाच्या दांड्यावर कोसळतो. पूल उडतो, वरची गाडी नदीत जाते.

आता वादाला तोंड येथे फुटते. तो पडला की त्याने दांडा दाबला? अर्धा वर्ग म्हणतो, बिचाऱ्याने मरता मरता चूक सुधारली. अर्धा म्हणतो, अहो, तो मेलेलाच होता, प्रेत पडले दांड्यावर. दिग्दर्शक डेव्हिड लीनने हे मुद्दाम धूसर ठेवले आहे, असे मला वाटते. मूळ फ्रेंच कादंबरीत तर पूल उडतच नाही. पियर बूल या लेखकाने १९५२ साली लिहिलेल्या त्या कादंबरीत पूल शेवटी उभाच राहतो. म्हणजे ज्या क्षणावर आपण इतके भांडतो, तो चित्रपटवाल्यांनी पदरचा घातलेला आहे. म्हणून मी वर्गाला सांगतो, शेवटची दोन मिनिटे सोडा. माणसाचा हेतू तो मरताना काय करतो यावरून ओळखायचा नसतो. निकल्सन ओळखायचा असेल तर तो खोपटातून बाहेर आल्यानंतरचा पहिला दिवस पाहा.

त्या दिवशी काय होते? निकल्सन कामाची पाहणी करायला निघतो. त्याला काय दिसते? शिपाई हसताहेत, टिवल्याबावल्या करताहेत, ओंडके वाहून जाताहेत, उभारलेला भाग कोसळतो आहे. पाहणाऱ्याला वाटते की हा गोंधळ आहे. पण गिरणीत किंवा कारखान्यात ज्याने चार वर्षे काढली त्याला पाहताक्षणी कळते की हा गोंधळ नाही, हा गो-स्लो आहे. पुढारी कोठडीत असताना, कोणी हुकूम न देता, कोणी पत्रक न काढता, या साध्या शिपायांनी मंदगतीचा लढा चालवला आहे. शस्त्र हातात नाही, पोटात अन्न नाही, पाठीवर संगीन आहे. अशा माणसाकडे शत्रूविरुद्ध जेवढे हत्यार उरते तेवढे त्यांनी वापरले आहे. आणि ते चालतेही आहे. पूल ठरल्या तारखेला होणार नाही म्हणून साइतोची झोप उडाली आहे, कारण पूल झाला नाही तर त्याला स्वतःच्या हाताने मरावे लागेल.

हा लढा साइतोने मोडला नाही, निकल्सनने मोडला. त्याला आपल्या माणसांच्या हातातले हत्यार दिसलेच नाही, त्याला फक्त बेशिस्त दिसली. त्याने आपला इंजिनिअर अधिकारी बोलावला, जपान्यांची जागा चुकली आहे, तळाशी चिखल आहे, हे शोधून काढले, पूल खालच्या अंगाला हलवला आणि शिपायांचे रोजचे काम वाढवून मागितले. कोणाकडे? साइतोकडे. मालकाने मागितले नव्हते इतके उत्पादन पुढाऱ्याने आपणहून देऊ केले.

आपण येथे हसता आहात, पण हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथल्या कामगारांनी युनियनच्या मान्यतेसाठी सात आठवडे संप केला. मान्यता मिळाली, हार-गुलाल झाला, आणि पुढच्याच करारात पुढाऱ्यांनी लाइनचा वेग वाढवून दिला. का, तर आता आपण जबाबदार युनियन आहोत, आपले कामगार कोणापेक्षा कमी नाहीत, हे दाखवायला हवे. त्या पुढाऱ्यांनी पैसे खाल्ले असे कोणी म्हटले, तर मी ते मानणार नाही. त्यांनी पैसे खाल्ले असते तर गोष्ट सोपी होती. निकल्सनही लाचखाऊ नाही. साइतो त्याला मेजवानीला बोलावतो, विलायती डबाबंद मांस आणि स्कॉच पुढे करतो, तेव्हा हा उपाशी माणूस त्याकडे ढुंकून पाहत नाही. मोहाला न भुललेला माणूस मानाला भुलला, एवढेच.

याच ठिकाणी आमच्या वर्गातले सर्वांत चांगले भांडण होते. टूलरूममधले एक जुने फिटर आहेत, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते निकल्सनच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, "अरे, हात ज्याचे कसलेले आहेत त्याला वाकडा जॉब काढता येत नाही. मालक चांगला का वाईट, हे हाताला कळत नाही. त्या सोल्जरांना काम नसतं दिलं तर ते कुजून मेले असते. कामानं माणूस माणसात राहतो."

एक कंत्राटी पोरगा मागे बसला होता. तो म्हणाला, "तात्या, तुम्ही जॉब सरळ काढलात, कबूल. पण तो बसवला कुठं? आणि त्या सरळ जॉबसाठी आजारी माणसं उठवली, त्यांचं काय?"

तात्या गप्प झाले, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कामाचा अभिमान ही मालकाने आपल्याला शिकवलेली लबाडी आहे असे मी मानत नाही. तो अभिमान नसता तर आमच्या माणसाला युनियन करण्याइतका ताठ कणाही मिळाला नसता. चित्रपटात या अभिमानाची एक सुंदर जागा आहे. इंजिनिअर सांगतो की इथले लाकूड एल्मसारखे आहे आणि लंडन पुलाच्या एल्मच्या खांबांनी सहाशे वर्षे तग धरला. निकल्सनचे डोळे चमकतात. सहाशे वर्षे! पूल पुरा झाल्यावर संध्याकाळी तो कठड्याशी उभा राहून साइतोला आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीबद्दल सांगतो. घरी जेमतेम काही महिने राहिलेला हा माणूस आपल्या आयुष्याची बेरीज काय झाली याचा विचार करतो आहे. हे सगळे तो शत्रूपाशी बोलतो, कारण दुसरे कोणी त्याच्या बरोबरीचे तेथे नाही. त्या प्रसंगात मला त्याची कीव येते. त्याला देशद्रोही म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

पण त्या पोराने विचारलेला प्रश्न शिल्लक राहतोच. मुदत जवळ येते, माणसे कमी पडतात. निकल्सन प्रथम अधिकाऱ्यांनाच कामाला यायला सांगतो. ज्या तत्त्वासाठी तो खोपटात मरायला तयार होता, ते तत्त्व तो स्वतःच आनंदाने गुंडाळून ठेवतो. म्हणजे अधिकाऱ्यांनी मेहनत करू नये हा मुद्दा नव्हताच. कोणाच्या हुकुमाने करायची, हा होता. येथवर मी त्याला समजू शकतो. त्यानंतर तो इस्पितळात जातो. जखमी आणि आजारी शिपाई पडलेले आहेत, त्यांतून हलके काम जमेल अशांना तो उठवतो. गोड बोलून उठवतो. सुरुवातीला साइतोही आजाऱ्यांना कामावर काढायला पाहत होता, तो धाकाने. निकल्सनने तेच काम प्रेमाने केले आणि ती माणसे लंगडत बाहेर आली. माझ्या दृष्टीने चित्रपटाचा निकाल येथे लागतो. दांड्यावर तो पडला की त्याने तो दाबला, हे पुढे चित्रगुप्त पाहून घेईल.

छावणीतला डॉक्टर क्लिप्टन त्याला आधीच विचारतो, हे शत्रूला साहाय्य होत नाही का? निकल्सन उलट विचारतो, साइतोवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर तू ती नीट करशील की त्याला मरू देशील? क्लिप्टन निरुत्तर होतो. वर्गातलेही बरेच जण होतात. मला मात्र ही तुलना फसवी वाटते. डॉक्टर ज्याला वाचवतो तो समोर पडलेला एक माणूस असतो. पुलावरून जी गाडी जाणार ती ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला दारूगोळा घेऊन जाणार. १९४४ साली ती फौज इंफाळ आणि कोहिमापर्यंत आली, हे आपल्याला कोणी परक्याने सांगायला नको. आपल्या हातची वस्तू कोठे जाते हे न विचारण्याचा परवाना कारागिराला कोणी दिला?

आता दुसऱ्या पात्राकडे वळतो. शिअर्सकडे पाहून बायका हसतात, पोरे शिट्ट्या मारतात, आणि गंभीर माणसे त्याला सवंग म्हणतात. छावणीत तो कमांडर म्हणून वावरतो. पुढे सिलोनच्या इस्पितळात ऐष करत असताना त्याला पुन्हा जंगलात जायला सांगतात, तेव्हा तो बिंग फोडतो: मी अधिकारी नाहीच. 'ह्यूस्टन' ही अमेरिकन युद्धनौका बुडाली, एका खऱ्या कमांडरबरोबर मी किनाऱ्याला लागलो, तो मारला गेला, आणि मी त्याचा गणवेश अंगावर चढवला. का? तर कैदेत अधिकाऱ्याला बरी वागणूक मिळते. गंमत अशी, की साइतोच्या छावणीत त्याचा काही उपयोग झाला नाही. तेथे सगळ्यांनाच खोदायला लावत होते. आणि दुसरी गंमत अशी, की ब्रिटिशांना हे आधीच ठाऊक असते. त्याच्या नौदलाने त्याला त्यांच्या हवाली केलेले असते. आता तोतया म्हणून खटल्याला उभे राहण्यापेक्षा मोहिमेवर गेलेले बरे. तात्पुरता मेजरचा हुद्दाही देतो म्हणतात.

हा कोण? लबाड? भित्रा? आमचे कामगार त्याला लबाड म्हणत नाहीत, आणि त्याचे कारण आहे. दुसऱ्याच्या नावावर जगण्याची सवय आपल्या मजुराला जुनी आहे. गिरण्यांच्या काळात बदलीवाला दुसऱ्याच्या जागी उभा राही. आज ठेकेदाराच्या गेटपासावर एकाचे नाव आणि मशिनवर दुसराच माणूस, हे औद्योगिक वसाहतीत कोणीही दाखवील. आणि याची उलटी बाजूही आहे. कामगार कायद्यात कामगार कोणाला म्हणावे याची व्याख्या असते, ठराविक पगारावरचा देखरेखवाला तिच्यातून बाहेर पडतो. मग युक्ती निघते: माणूस मशिनच चालवतो, पण पत्रावर त्याला 'ऑफिसर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' करतात. शिअर्सने अधिकाऱ्याचा कोट चढवला तो मेहनत चुकवायला. येथे तो कोट चढवतात ते मेहनत तशीच ठेवून हक्क काढून घ्यायला.

मी म्हणतो, निकल्सनच्या तत्त्वाचा खरा अर्थ या सगळ्या चित्रपटात एकट्या शिअर्सला कळला आहे. निकल्सन ज्याला कायदा म्हणतो त्यात एक साधी गोष्ट लिहिली आहे: खांद्यावर पट्टी असेल तर फावडे हातात येणार नाही. १९२९ च्या जिनिव्हा करारात ती खरोखर आहे. जपानने त्या करारावर सही केली होती, पण तो पुढे मंजूर केला नव्हता. निकल्सन त्या कलमासाठी जिवावर उदार होतो आणि शेकडो शिपाई त्याच्या विजयाच्या दिवशी जल्लोष करतात. कोणता विजय? साहेबांना खणावे लागणार नाही, हा. शिपायांना तर त्या दिवशीही खणायचेच होते आणि दुसऱ्या दिवशी जास्त खणायचे होते. शिअर्सने मेलेल्याचा कोट घालून हेच तत्त्व रोखीत वटवायचा प्रयत्न केला. आणि तोच पुढे जंगलात त्या कडक ब्रिटिश अधिकाऱ्याला सुनावतो, की तुम्हा लोकांना रुबाबात मरायचे तेवढे कळते, माणसासारखे जगायचे कळत नाही. मग हाच माणूस शेवटी सुरी घेऊन नदीत उडी का घेतो? देशासाठी? मला नाही वाटत. पलीकडे दांड्यापाशी असलेला तो कोवळा पोरगा एकटा पडला आहे, हे त्याला दिसते. खोट्या हुद्द्याच्या माणसाचे ते एक काम तरी कोणाच्या हुकुमावाचून झालेले आहे.

खरा इतिहास चित्रपटाहून वेगळा आहे, तेही सांगायला हवे. तामारकान येथील पुलाच्या छावणीत ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी होते फिलिप टूसी. ते आपल्या माणसांच्या अन्नासाठी आणि औषधासाठी जपान्यांशी झगडत राहिले, आणि कामात होईल तेवढी खोटही घालू देत. निकल्सन म्हणजे टूसीच, असा लोकांचा समज झाला, तेव्हा तेथून जगून परतलेल्या सैनिकांना ते फार लागले. बूल स्वतः मलायात रबराच्या मळ्यावर इंजिनिअर होता, आणि त्याला कैद केले होते ते फ्रेंचांनीच, व्हिशी सरकारच्या माणसांनी. आपला कर्नल त्याने शत्रूशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांवरून रंगवला, असे त्याने सांगितले आहे. म्हणजे इंग्रजी गणवेशाच्या आत मुळात फ्रेंच माणूस आहे. येथेही कोट एकाचा आणि देह दुसऱ्याचा.

हे नावांचे प्रकरण पडद्यामागेही गेले. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली, त्यांत एक पटकथेचे होते. ते १९५८ साली पियर बूलला देण्यात आले. बूल इंग्रजीत लिहीत नसे. पटकथा लिहिली होती कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी, पण ते दोघे अमेरिकेतल्या काळ्या यादीत होते, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून. त्यांना उघड काम मिळत नव्हते, नाव पडद्यावर जात नव्हते. यांतल्या विल्सनने 'सॉल्ट ऑफ द अर्थ' हा १९५४ सालचा चित्रपट लिहिला आहे. न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणकामगारांचा संप त्याचा विषय. न्यायालयाने कामगारांना निदर्शने करायला बंदी घातली तेव्हा त्यांच्या बायका गेटावर उभ्या राहिल्या, ती गोष्ट. आपल्या भगिनींनी तो अवश्य पाहावा. ज्या माणसाने तो संप लिहिला त्याचाच हात निकल्सनच्या गोष्टीला लागला आहे, हे कळल्यावर तो गो-स्लोचा प्रसंग मला वेगळा दिसू लागला. पटकथेचे ऑस्कर या दोघांच्या नावावर झाले ते १९८४ साली. विल्सन १९७८ मध्येच गेला होता, फोरमन त्याच १९८४ मध्ये गेला.

निकल्सन पूल झाल्यावर एक फळी ठोकतो. तिच्यावर लिहिलेले असते की हा पूल ब्रिटिश सैन्याच्या शिपायांनी आखला आणि बांधला. त्याला खात्री असते की एक दिवस युद्ध संपेल आणि येणारे-जाणारे लोक हे वाचतील. आता प्रत्यक्ष रेल्वेचा हिशोब ऐका. सयाम-ब्रह्मदेश रेल्वे ४१५ किलोमीटरची, १९४२ ते १९४३ या काळात बांधलेली. तिच्यावर साठ हजारांहून जास्त युद्धकैदी राबले, त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. कांचनबुरी येथे त्यांच्या सुमारे सात हजार कबरी आहेत, ओळीने, बहुतेकांवर नाव आणि पलटण कोरलेली. पण त्याच रेल्वेवर आशियाई मजूर किती होते? दोन लाखांच्या घरात, असे अभ्यासक धरतात. ब्रह्मी, जावानीज, चिनी, मलायी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ मजूर. काहींना चांगल्या रोजाचे आमिष दाखवून नेले, काहींना धरून. त्यांच्याजवळ ना डॉक्टर, ना अधिकारी, ना जिनिव्हाचे पुस्तक. पटकी आली की तळच्या तळ रिकामे होत. ऐंशी-नव्वद हजार मेले असावेत असा अंदाज आहे, आणि तो अंदाजच आहे, कारण नावे नोंदणारा कोणी नव्हता.

चित्रपट सिलोनमध्ये, कितुलगल्ला येथे केलानी नदीवर चित्रित झाला. अडीच तासांहून मोठा चित्रपट आहे. शिट्टीवरची ती 'कर्नल बोगी'ची चाल आमच्या वर्गातली पोरे आठवडाभर वाजवत असतात. त्या अडीच तासांत पुलावर खपणारा एकही तमिळ मजूर दिसत नाही. गेल्या वर्गात त्या कंत्राटी पोराने हाच प्रश्न विचारला, की एवढ्या मोठ्या रेल्वेवर नुसते गोरेच होते का हो? तेव्हा मी त्याला हे आकडे सांगितले. त्याने वहीत लिहून घेतले, आणि तात्यांनी चष्मा मागून घेऊन ते पुन्हा एकदा वाचले.